हात जरा आवळून धर

मी आत्ता त्या दारातून इथपर्यंत चालत आलो, तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आधी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि मग पटकन चेहऱ्याकडे. काही हरकत नाही. मीही तेच करतो. समोरून कुणी लंगडत आलं की माझीही नजर आधी पायाकडेच जाते. फरक एवढाच, की माझ्या मनात येतं, हा पस्तीस असेल की सदतीस? हे आकडे कसले, ते थोड्या वेळात सांगतो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि भांडताना दोन्ही. जन्मलो तेव्हा मी लगेच रडलो नाही. आजी सांगायची, "हा उशिरा रडला आणि मग तीन वर्षं थांबलाच नाही." वर्षाचा झालो तरी उजवी मूठ उघडेना. उभा राहायला लागलो तो उजव्या पायाच्या चवड्यावर, टाच वरच. डॉक्टर म्हणाले, सेरेब्रल पाल्सी. आपल्याकडे त्याला मेंदूचा पक्षाघात म्हणतात. आम्ही नुसतं सीपी म्हणतो.

मेंदूची वाढ होत असतानाच, जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच, त्याच्या एखाद्या भागाला इजा होते. दर हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना. ती इजा पुढे वाढत नाही, पण जातही नाही. सुरुवातीला स्नायूंमध्ये काही खोट नसते, त्यांना वरून येणारा हुकूमच गडबडलेला असतो. 'सैल पड' असा निरोप पोहोचतच नाही, म्हणून स्नायू ताठलेलेच राहतात. कुणाचे दोन्ही पाय ताठ असतात, कुणाची एक बाजू. कुणाचे हातपाय आपोआप हलत राहतात, कुणाचा तोल जातो. माझी उजवी बाजू, तीही तशी सौम्य.

हे 'तशी सौम्य' लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्याच दोन शब्दांची आहे.

नऊ वर्षांचा असताना आई मला अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला घेऊन गेली. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना चाळीस हा आकडा काय आहे ते वेगळं सांगायला नको. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सवलती, शिष्यवृत्ती, पुढे नोकरीतलं आरक्षण. एकोणचाळीस भरलं तर हात हलवत घरी. रांगेत उभे असताना आई वाकून कानात म्हणाली, "आज हात जरा आवळून धर. सोडू नकोस." मी आवळला. पंचेचाळीस टक्के मिळाले. बाहेर येऊन आईने मला उसाचा रस पाजला.

त्याच वर्षी मामाच्या मुलीचं लग्न होतं. फोटोच्या वेळी तीच आई, त्याच आवाजात म्हणाली, "हात खिशात घाल."

आईला दोष देऊ नका. ती दोन्ही वेळा बरोबरच होती. पण म्हणजे कुठे किती अपंग दिसायचं, हे मी नवव्या वर्षीच शिकलो होतो.

शाळेत क्रीडादिनाला माझं काम ठरलेलं होतं, मुलांची दप्तरं आणि बाटल्या सांभाळायच्या. सातवी ते दहावी, चार वर्षं. काम मी चोख केलं, एक डबाही हरवला नाही. धावायला लागलो ते कॉलेजात. फिजिओथेरपीला जायचो तिथे एक सर यायचे, ते मुलांना मैदानावर घेऊन जात. ते म्हणाले, "चालून दाखवलंस, आता पळून दाखव." मी म्हटलं, सर, मला पळता येत नाही. ते म्हणाले, "कधी पळून बघितलंस?"

प्रश्न सोपा होता, पण उत्तर नव्हतं माझ्याकडे. साठेक मीटर पळालो आणि पडलो. कोपर सोलवटलं. पण त्या साठ मीटरांत काहीतरी वेगळं झालं होतं. चालताना मी प्रत्येक पावलाचा विचार करतो. टाच टेक, गुडघा सोड, पाऊल उचल. पळताना तेवढा वेळच मिळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय मला न विचारता पुढे गेला होता.

मग वेडच लागलं. फोनवर लंडन २०१२ ची शर्यत पाहिली, ऑस्ट्रेलियाच्या इव्हान ओहॅन्लनची. त्याला सीपी आहे, आणि त्याने १०० मीटर १०.७९ सेकंदांत मारले. तो त्याच्या वर्गातला विश्वविक्रम होता. या सभागृहात दोन्ही बाजू ठणठणीत असलेले किती जण ११ सेकंदांच्या आत येतील? हात वर करू नका, राहू द्या.

बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही, पण आमच्या शर्यतीत काय चाललेलं असतं ते सांगतो. सगळ्यात अवघड असते ती सुरुवात. स्टार्टरच्या पिस्तुलाचा आवाज झाला की तुम्ही दचकता आणि निघता. आमच्यातला बराच जण दचकतो तो आक्रसूनच. निघायच्या क्षणी अंग गोळा होतं आणि ते सुटायला वेळ लागतो. धावणाऱ्या सीपीच्या वर्गांत ब्लॉकवर वाकूनच सुरुवात करायची सक्ती नाही, उभ्यानेही निघता येतं, त्याचं कारण तुम्हाला आता कळलं असेल. मग वेग घेताना एरवी पुढचा पाय वर येताना मागचे स्नायू सैल पडतात. आमचे दोन्हीकडचे एकाच वेळी ओढतात. म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबल्यासारखं. चवडा खाली लोंबतो आणि ट्रॅकला घासतो. माझ्या उजव्या बुटाचं टोक दोन महिन्यांत झिजतं आणि डावा बूट नवा कोरा राहतो. घरी चार डावे बूट पडून आहेत. कुणाला आठ नंबरचे हवे असतील तर नंतर भेटा.

आणि जितका जोर लावाल तितका ताठरपणा वाढतो. साठ मीटरांनंतर माझा उजवा हात हळूहळू वर यायला लागतो, कोपरात दुमडतो, मनगट आत वळतं. थंडीत लवकर, घाबरलो तर आणखी लवकर. हा हात मी आणत नाही, तो आपोआप येतो. हेही लक्षात ठेवा.

आता ते आकडे. पॅरा ॲथलेटिक्समध्ये 'टी' म्हणजे ट्रॅक. सीपी आणि तशाच प्रकारच्या खेळाडूंचे वर्ग तिशीतले. ३४ पर्यंतचे चाकाच्या खुर्चीवर शर्यत लावतात, ३५ ते ३८ पायांवर पळतात. ३५ म्हणजे ढोबळमानाने दोन्ही पाय ताठर. ३६ म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली किंवा तोलाचा त्रास. ३७ म्हणजे अर्धं अंग. ३८ म्हणजे सगळ्यात सौम्य. आणि ज्यांना पायांवर धावणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी तीन चाकांची, पॅडल नसलेली चौकट असते. छाती टेकवायची, खोगिरावर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत सुटायचं. डेन्मार्कच्या कोनी हॅन्सन यांनी ती नव्वदच्या दशकात पुढे आणली. त्यांचे वर्ग ७१ आणि ७२. पॅरालिम्पिक १९६० साली रोममध्ये सुरू झालं, पण सीपीच्या खेळाडूंना आत यायला १९८० उजाडावं लागलं, नेदरलँड्समधल्या आर्नेमला. वीस वर्षं आम्ही तिथेही दप्तरंच सांभाळत होतो म्हणा.

३० ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये मुझफ्फरनगरच्या प्रीती पालने टी३५ ची १०० मीटर १४.२१ सेकंदांत पूर्ण केली आणि कांस्य घेतलं. पॅरालिम्पिकच्या ट्रॅकवर भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. दोन दिवसांनी तिने २०० मीटरमध्ये दुसरं आणलं, ३०.०१ सेकंद. आम्ही घरी टीव्हीसमोर ओरडत होतो. आमच्या इमारतीतले एक काका बसले होते. म्हणाले, "चौदा सेकंद? आमच्या शाळेतल्या मुली एवढ्यात पळायच्या."

खरं आहे, काही मुली पळतात. पण त्या मुलींच्या कमरेखाली जन्मानंतर सहाव्या दिवशी प्लास्टर चढलेलं नसतं. पाचव्या वर्षी पायांना कॅलिपर लागून पुढची आठ वर्षं त्यात गेलेली नसतात. काकांना मी म्हटलं, घड्याळ एकच असतं काका, पण शर्यत कोणाबरोबर ते बघा. तिच्या पुढे चीनच्या दोघी होत्या, १३.५८ आणि १३.७४. ती त्यांच्याशी लढत होती, तुमच्या शाळेशी नाही. वर्ग असतो तो यासाठी. तो दया दाखवायला नसतो. शर्यत कोण हरला, कोण जिंकला याचं कारण पळणं असावं, दुखणं नसावं, एवढ्यासाठी असतो. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात तसं.

हे मी आज इतक्या ठामपणे बोलतो, पण २०१८ साली मी काय केलं ते आता सांगतो. कुठली स्पर्धा, कोणी भरवली, ते सांगणार नाही.

स्पर्धा आमच्या राज्यातली होती. मातीचं मैदान, फक्कीच्या रेषा, हाताने घेतलेली वेळ. पहिले तीन राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. आदल्या दिवशी वर्गीकरण होतं. शाळेची खोली, एक टेबल, तपासणारे दोघे आणि बाहेर दीडशे मुलं. रांगेत एका संघाबरोबर आलेला माणूस माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तू सौम्य आहेस. अडतीसमध्ये टाकतील. तिथे तुझा नंबर लागायचा नाही. सदतीस मिळव." मी विचारलं, कसं? तो म्हणाला, "वॉर्म-अप करू नकोस. टेबलावर पाय ताठ ठेव. आणि पळताना हात जरा आवळून धर."

अगदी तेच शब्द, फक्त गुजरातीत.

मी विचार केला का? केला. पाच मिनिटं तरी केला असेल. मनाशी म्हटलं, मी खोटं काय सांगतोय, सीपी तर आहेच मला. हात आवळतोच माझा, आज जरा आधी आवळेल. टेबलावर पाय ताठ धरला. दोघांनी कागदावर लिहिलं. टी३७.

दुसऱ्या दिवशी मी १३.६२ मध्ये तिसरा आलो. चौथा आलेला मुलगा माझ्या शेजारच्या लेनमध्ये होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, एका छोट्या गावातून वडिलांबरोबर रात्रीच्या बसने आलेला. त्याची उजवी बाजू माझ्यासारखी 'तशी सौम्य' नव्हती. मूठ पूर्ण बंद, अंगठा आत. शर्यत झाल्यावर आम्ही दोघे बांधावर बसलो होतो, धापा टाकत. त्याने पाण्याची बाटली दातात धरून झाकण फिरवायचा प्रयत्न केला. सील नवीन होतं, निघेना. त्याने ती माझ्यापुढे केली.

मी घेतली, उजव्या हातात पकडली, डाव्याने झाकण फिरवलं आणि परत दिली.

उजव्या हातात. तपासणीत 'पकड नाही' असं लिहून घेतलेल्या हातात. त्याने बाटली घेतली. माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाला, "थँक यू भाई," आणि पाणी प्यायला लागला.

घरी पेढे वाटले. आजीने पदक देवापुढे ठेवलं.

राष्ट्रीय स्पर्धेत वर्गीकरण पुन्हा झालं. या वेळी निवांत. आधी डॉक्टरांचे कागद, मेंदूचा जुना स्कॅन. मग टेबलावर निजवलं. बाईंनी माझा पाय घोट्यात अगदी हळू वाकवला. मी ताठ धरला. मग झटक्यात वाकवला. मी ताठ धरला. पुन्हा हळू, पुन्हा झटक्यात. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहीत होत्या. नंतर मला एका फिजिओने समजावलं. सीपीचा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. हळू हलवलं तर स्नायू बऱ्यापैकी सैल जातो, झटका दिला तर मध्येच अडकतो. मुद्दाम ताठ धरणारा माणूस दोन्ही वेळा सारखाच ताठ धरतो. त्याला हा फरक माहीत नसतो, आणि माहीत असला तरी शरीराला तो करून दाखवता येत नाही.

मग दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या. एका पायावर उड्या मारायला लावल्या. मैदानावर नेऊन पळवलं, आणि मला कळू न देता माझं वॉर्म-अपही पाहिलं. शेवटी त्या बाई म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता, "तुझा हात पळायच्या आधीच दमलेला होता."

साठ मीटरांनंतर येणारा हात मी पहिल्या पावलालाच आणला होता.

टी३८ दिला. एवढ्यावर सोडलं, हे माझं नशीब. जाणूनबुजून खोटं दाखवल्याचं ठरलं तर बंदी येते, आणि यायलाच पाहिजे. टी३८ मध्ये मी आठ जणांत सातवा आलो. वेळ १३.३१. आजवरची माझी सगळ्यात चांगली वेळ.

महिनाभर मी चिडलेलो होतो. आईला म्हणायचो, लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं तू अपंग आहेस, आणि पळायला गेलो तर म्हणतात तू पुरेसा अपंग नाहीस. मला वाटायचं माझ्यावर अन्याय झालाय. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत आपल्या नारायण ठाकूरने टी३५ ची १०० मीटर १४.०२ सेकंदांत जिंकली. ते बघताना आनंद झाला, आणि लगेच पोटात गोळा आला. डोळ्यांपुढे त्या मुलाची बाटली आली. अन्याय झाला होता खरा, पण माझ्यावर नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या टी३७ च्या यादीत त्याची जागा होती. ती मी नेली, आणि तिथे जाऊन त्या वर्गात पळालोही नाही. ती लेन रिकामीच गेली.

मी आयोजकांना पत्र लिहिलं, जे केलं ते सगळं. उत्तर आलं नाही.

लोक विचारतात, मुलं असं का करतात? माझं मत सांगतो. आपल्याकडे वर्ग म्हणजे नुसता वर्ग नसतो. पॅरिसच्या कांस्यपदकाला केंद्र सरकारने ३० लाख दिले, सुवर्णाला ७५. दिलेच पाहिजेत, मी टाळ्या वाजवल्या. पण खाली, मातीच्या मैदानावर, कांस्य म्हणजे एखाद्या घराची पहिली नोकरी असू शकते. आणि ज्या मुलाला प्रत्येक खिडकीवर जास्त अपंग दिसल्याशिवाय काही मिळालेलं नाही, तो मैदानावर येऊन एकदम खरं कसं दाखवेल? खालच्या पातळीवर दीडशे मुलांना दोन माणसं आणि एक दुपार देऊन वर्गीकरण होतं तोवर खोटं बोलणारा सुटेल, आणि खरा बंद मुठीचा मुलगा चौथा येईल. शिकलेले वर्गीकरण तपासनीस वाढवा, एवढीच माझी मागणी आहे. स्टेडियम नंतर बांधा.

आता मी रविवारी सकाळी मुलांना घेऊन मैदानावर असतो. सर थकले, त्यांचं घड्याळ माझ्याकडे आलं. नऊ मुलं आहेत, त्यातली एक चौकटीवर पळते. चौकट एका वेल्डरकडून बनवून घेतली, ती जरा डावीकडे ओढते. वर्गीकरणाला जायच्या आधी मी मुलांना नीट वॉर्म-अप करायला लावतो. आया मला बाजूला घेऊन विचारतात, "दादा, हिला काय सांगू? हात कसा धरायला सांगू?" मी म्हणतो, काकू, काही सांगू नका. तिला बिस्कीट द्या.

आणि तो मुलगा. त्याला शोधायला मला दोन वर्षं लागली. धावणं सोडलं होतं त्याने. त्याच्या काकांचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, तिथे बसतो. मी दुकानात गेलो, त्याने ओळखलं. मी सगळं सांगितलं. पदक बरोबर नेलं होतं, काउंटरवर ठेवलं. त्याने ते डाव्या हाताने माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "चाले, भाई. बाटली उघडलीस तेव्हाच कळलं होतं."

चहा मागवला. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. मग त्याने विचारलं, "नॅशनलचा ट्रॅक कसा होता? मी मातीवरच पळालोय फक्त."

मी म्हटलं, लाल होता. पाऊल टाकलं की थोडं परत ढकलतो.

तो म्हणाला, "उजव्या पायालाही?"

मी म्हटलं, हो. उजव्या पायालाही.